रंगूनचा यंग सॅम

१ जानेवारी १९५५, पहाटे ५

नवी डायरी. नागपूरच्या पेरेरा साहेबांनी दिली. सदरमध्ये त्यांचं सायकलचं दुकान आहे, पण खरा धंदा बॉक्सिंगच्या फाइट भरवण्याचा. अशी डायरी ते सगळ्या बॉक्सरना देत नसणार.

पहिल्या पानावर स्वतःची माहिती भरायची असते. भरली. नाव: मुखरू. मूळ गाव: कुरखेडा. हल्ली मुक्काम: चांदा, पठाणपुरा गेटाजवळ. वय: सत्तावीस. पलटणीच्या कागदावर एकतीस आहे, पण तो कागद चुकीचा आहे. धंदा: प्रोफेशनल बॉक्सर, फ्लायवेट. हॅटचा नंबर: कोरा. चष्म्याचा नंबर: कोरा. ग्लव्हचा नंबर: सहा औंस. हा रकाना छापणाऱ्याने माझ्यासारख्यांसाठीच ठेवला असणार.

आजपासून शुद्ध मराठीत लिहायचं. घरी-दारी 'मले-तुले' चालतं, पण चॅम्पियनची भाषा नीट पाहिजे.

संकल्प. रोज पहाटे परकोटाभोवती एक फेरी धावायची. भात बंद. रेफरीवर चिडायचं नाही. पावसाळ्याच्या आत प्रांताचं फ्लायवेट टायटल. फ्लायवेटला आठ स्टोनच्या, म्हणजे एकशे बारा पौंडांच्या, वर जाता येत नाही. मी आठ स्टोन चार पौंड. चार पौंड म्हणजे काही विशेष नाही.

सकाळी ९. थंडी फार होती. फेरी उद्यापासून.

४ जानेवारी

वच्छलाने लाखोळीची डाळ आणि भात केला. तिला सांगितलं, भात बंद आहे. ती म्हणाली, मंग का गोटे खाता? कुरखेड्याच्या मानसानं भात नाई खायचा त कोनं खायचा? बायकोला सायन्स समजत नाही. वाद नको म्हणून दोनदा घेतला.

धानाच्या तुसाने पोतं भरून आंब्याच्या फांदीला टांगलं आहे. दोनशे ठोसे मारले. शेजारच्या सुगंधाबाई कुंपणावरून म्हणाल्या, पोत्यानं तुमचं का वाकडं केलं भाऊ? हसून सोडून दिलं.

२४ जानेवारी, नागपूरहून परतताना, गाडीत

काल फाइट. पोस्टरवर माझं नाव 'मॅक्रू' छापलं होतं. साहेबांना मुखरू उच्चारता येत नाही, आणि छावणीच्या अँग्लो-इंडियन पब्लिकला मॅक्रू जवळचा वाटतो. ठीक.

सहा राउंड. समोर कामठीचा अठरा वर्षांचा पोरगा. फाइट पॉइंटवर त्याला दिली. रेफरी कामठीचा, घड्याळ कामठीचं. तिसऱ्या राउंडमध्ये मी पडलो नाही, घसरलो. चौथ्यातही घसरलो. रिंगच्या ताडपत्रीवर कोणी तरी पाणी सांडलं होतं.

माझ्या कोपऱ्यात अयूबभाई असतात. चांद्याला जटपुरा गेटाशी त्यांचं हजामतीचं दुकान आहे. फाइट असली की दुकान बंद करून माझ्याबरोबर येतात. फुटलेल्या भुवईला त्यांच्यासारखी तुरटी कोणी लावत नाही. आत्ता समोर बसलेत. म्हणाले, मुखरूभाऊ, पानी रिंग में नहीं था, तुमारे पाँव में था. बोलणं शायरीसारखं आहे त्यांचं.

२० मार्च, गोंदिया

सर्कशीच्या तंबूत फाइट. इथे नाव 'टायगर राजू, जबलपूर'. साहेब म्हणाले, सगळीकडे एकच नाव लावलं तर पब्लिकला उत्सुकता राहत नाही. धंद्याची अक्कल आहे माणसाला.

दुसऱ्या राउंडमध्ये भुवई फुटली म्हणून फाइट थांबवली. मी थांबवा म्हणालो नव्हतो. अयूबभाई म्हणतात, म्हणालो होतो.

परत जाताना छोट्या लायनीच्या गाडीत वडसापर्यंत उभा. सीटवर बसलेल्यांपैकी एकालाही कल्पना नव्हती, कोण उभं आहे.

८ मे

उन्हाळा. फेरी शक्य नाही. पहाटेसुद्धा परकोटाचे दगड तापलेले असतात.

मेहुणा सोमाजी आला. तो आलापल्लीकडे जंगल खात्यात नाकेदार आहे. पायात सरकारी बूट, बोलण्यात सरकारी उपकार. म्हणाला, भाऊजी, डेपोत मुकादमाची जागा निघून राह्यली. लाकडं मोजाची. सायबाले सांगू काय?

मी विचारलं, प्रांताच्या टायटलचा दावेदार लाकडं मोजेल का?

तो म्हणाला, लाकूड उलटून मारत नाई, भाऊजी.

वच्छला हसली. ती दोघं भाऊ-बहीण आहेत हे विसरता कामा नये.

१८ जुलै, काझीपेट

इथे नाव 'किड फर्नांडो'. पेरेरा साहेबांनी आज मनापासून कौतुक केलं. शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो: मॅक्रू, तुझ्यासमोर कोणताही पोरगा चांगला दिसतो, असा माणूस मला दुसरा मिळणार नाही.

ज्याच्याशी लढून दुसरा चांगला दिसतो तो किती मोठा असला पाहिजे, हे उघड आहे.

फाइट हरलो. पण वरचा मजकूर महत्त्वाचा.

११ सप्टेंबर

जुनी पोस्टरं भिंतीला चिकटवत होतो. वच्छलाला अक्षरओळख नाही. तांदूळ निवडता निवडता बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, फोटो त सगळ्याइवर तुमचाच हाये. खालचं लिवलेलं येगळं येगळं काऊन दिसून राह्यलं?

मी तिला समजावून सांगितलं की स्टेजवर माणसाला दुसरं नाव असतं. ती म्हणाली, गावोगावी नाव चोर बदलवते. मी म्हटलं, कलावंतही बदलतो. ती सुपाला एक झटका देऊन म्हणाली, म्हंजे मागच्या गावात कोन हारला ते फुडच्या गावाले मालूम नाई पडत.

मी खळ ढवळत राहिलो. अडाणी माणसाशी वाद घालू नये.

३१ डिसेंबर

वर्षाचा हिशेब. फाइट अकरा. रेफरींच्या मते अकराही हरलो. माझ्या मते जिंकलो सात, बरोबरी दोन. दोन आठवत नाहीत.

साहेबांनी टाइप केलेली प्रांताची यादी पोस्टाने आली. फ्लायवेटमध्ये चौथा मॅक्रू, सहावा टायगर राजू. पहिल्या सहांत दोनदा नाव असलेला बॉक्सर प्रांतात दुसरा नाही. अयूबभाईंना दाखवली. ते ग्राहकाच्या मानेवर वस्तरा फिरवत होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

२६ फेब्रुवारी १९५६

डायरीची पानं संपली. वच्छलाने मागे कोरे कागद शिवून दिले.

डाव्या डोळ्यात गेले काही दिवस धूर भरल्यासारखं वाटतं. दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, आता हे मारामारीचं पुरे करा. डॉक्टर स्वतः पंधरा स्टोनचे आहेत. हेवीवेटला फ्लायवेटचं काय कळणार?

अयूबभाईंनी माझ्या डाव्या बाजूला उभं राहून विचारलं, कितनी उंगली? मी म्हटलं, दोन. त्यांनी हात वर केलाच नव्हता. अशी चेष्टा करणं त्यांच्या वयाला शोभत नाही.

घरी काही सांगितलं नाही. पण वच्छला हल्ली पाण्याचा गडू माझ्या उजव्या हाताला ठेवते.

१३ ऑगस्ट

साहेबांचं पत्र! १८ तारखेला नागपूरला सिरिलबरोबर फाइट. सिरिल म्हणजे रेल्वेच्या इंजिन ड्रायव्हरचा मुलगा, वय एकोणीस, नऊ फाइट आणि नवाच्या नऊ जिंकलेल्या. साहेबांचा फार लाडका. पुढल्या महिन्यात त्याला मुंबईला नेणार आहेत. पत्रात साहेबांनी लिहिलं आहे की पाच-सहा राउंड तरी चालव, पब्लिकला मजा येऊ दे. म्हणजे मी पोराला पहिल्या राउंडमध्येच आडवा करीन अशी त्यांना भीती आहे.

या वेळी नाव 'यंग सॅम, रंगून'. हे अगदीच खोटं म्हणता येणार नाही. लढाईच्या दिवसांत कामठीला पलटणीच्या भटारखान्यात होतो, तेव्हा आमची तुकडी रंगूनला जाता जाता राहिली होती.

संकल्प: भात बंद.

१९ ऑगस्ट, सकाळी ६, नागपूर स्टेशन

जिंकलो.

पुन्हा लिहितो. जिंकलो.

पाचवा राउंड. माझा डावा डोळा मिटलेला, उजव्यात रक्त. सिरिल गॅलरीतल्या मित्रांकडे बघून हात हलवत होता. मी ठरवल्याप्रमाणे त्याला जवळ येऊ दिलं, डावा खांदा पाडला, कंबर फिरवली आणि उजवा हात त्याच्या हनुवटीवर घातला. दहा आकडे मोजून झाले तरी पोरगा उठला नाही. हॉलमध्ये कोणी ओरडलंसुद्धा नाही. माझा हात वर करण्याआधी रेफरीने पेरेरा साहेबांकडे पाहिलं.

अयूबभाईंचं म्हणणं वेगळं. म्हणाले, तुमी तो गिर रहे थे भाऊ, आँख मीच के हात फेका रस्सी पकडने कू, और बीच में उसका थोबाड आ गया. कोपऱ्यातून कंबर दिसत नाही. त्यांचा दोष नाही.

साहेब मला भेटायला आले नाहीत, सिरिलला टांग्यात घालून घेऊन गेले. पोरगा शुद्धीवर आला, बरा आहे, असं कळलं. बरं वाटलं.

गाडी लेट. चालेल. आज काहीही लेट असलं तरी चालेल.

२२ ऑगस्ट, चांदा

नागपूरच्या इंग्रजी पेपरात दोन ओळी आल्या. कात्रण घेऊन शाळेतल्या नानाजी मास्तरांना घराच्या ओट्यावर बसवलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. वीस-पंचवीस माणसं जमली. मास्तरांनी वाचून अर्थ सांगितला: रंगूनच्या यंग सॅमने नागपूरच्या सिरिलला पाचव्या राउंडमध्ये गारद केलं. मग चष्मा कपाळावर चढवून विचारलं, याच्यात तुमी कुठी आहा, मुखरूभाऊ?

मी म्हटलं, यंग सॅम म्हणजे मीच.

सुगंधाबाई म्हणाल्या, तुमी रंगूनले कवा गेलते? परवापरवा त इथीच लाकडं फोडून राह्यले होते.

लोक पांगले.

वच्छलाने कात्रण हातात घेतलं. उलटं धरलं होतं, मी सुलटं करून दिलं. यंग सॅम कुठे लिहिलं आहे ते तिने विचारलं, मी दाखवलं. त्या अक्षरांकडे तिने बराच वेळ पाहिलं. म्हणाली, खरंच जितले ना? मी म्हटलं, खरंच. ती म्हणाली, मंग झालं ना आता. जितून झालं. आता सोडा.

मी म्हटलं, वेडी आहेस, आता तर सुरुवात.

९ सप्टेंबर

सोमाजी पुन्हा तीच मुकादमी घेऊन आला. म्हणाला, साहेब लोक वर्षभर थांबले, आता या हप्त्यात नाव द्यायचं आहे. मी त्याला शांतपणे सांगितलं की सिरिलऐवजी आता मलाच मुंबईला नेणार, टायटलचं पत्र कोणत्याही दिवशी येईल. तो म्हणाला, मंग दुसऱ्याले देऊन देतो जागा. मी म्हटलं, द्या.

तो गेल्यावर वच्छलाने दोन दिवस तोंड उघडलं नाही. शांततेत ट्रेनिंग चांगलं होतं.

७ ऑक्टोबर

पत्र नाही. मी साहेबांना पाच लिहिली. एकाचंही उत्तर नाही. पोस्टमन आता आमच्या दारावरून जाताना मुद्दाम दुसरीकडे बघतो.

कारण उघड आहे. सिरिलची गत पाहून सगळे फ्लायवेट घाबरले. समोर उभं राहायला कोणी तयार नसेल तर साहेब तरी काय करणार?

हे अयूबभाईंना सांगितलं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला, ग्राहकाला थांबायला सांगितलं आणि मला बाहेर नेलं. म्हणाले, मुखरूभाऊ, बुरा मत मानो. तुमाले हारने के वास्ते बुलाते थे. जो हारने वाला एक बार जीत गया, उसकू अब कायले बुलायेंगे?

इतक्या वर्षांची मैत्री. यापुढे त्यांच्या दुकानात दाढी करणार नाही.

१० ऑक्टोबर

दुसऱ्या दुकानात हनुवटी कापली. पुन्हा अयूबभाईंकडे. 

१ नोव्हेंबर १९५६

आजपासून चांदा जिल्हा मध्यप्रदेशात नाही, मुंबई राज्यात. कचेरीवर झेंडे, शाळेत पेढे. प्रांतच मोडला म्हणजे साहेबांची ती यादीही मोडली. चौथा नंबर गेला आणि सहावाही गेला. दुपारपर्यंत वाईट वाटत होतं.

मग ध्यानात आलं. मला मुंबईला जायचं होतं. मुंबईच इथवर आली.

पेढे तीन. एक दिवस चालतं.

१० फेब्रुवारी १९५७

अयूबभाई वस्तरे आणायला नागपूरला गेले होते. भिंतीवरून एक पोस्टर काढून आणलं, घडी उघडायला तयार नव्हते. मीच उघडली. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत: यंग सॅम, रंगून. सिरिलला लोळवणारा यंग सॅम मुंबईत! खाली फोटो.

फोटो माझा नाही. चपटं नाक, गोरा रंग, वय असेल बावीस.

छापखान्याची चूक. दुसरं काय असणार?

वच्छला मागून येऊन पाहत होती. कात्रणातली अक्षरं तिच्या लक्षात होती. म्हणाली, या वक्ती नाव तेच हाये, मानूसच बदलवला.

१५ फेब्रुवारी, नागपूरहून येताना

साहेबांच्या दुकानात रागाने गेलो. त्यांनी चहा मागवला. सायकलचं चाक फिरवत फिरवत सगळं सरळ सांगितलं. म्हणाले, सिरिल पडला तेव्हा मला वाटलं मी संपलो. पण पब्लिक विचारायला लागलं, तो रंगूनवाला कोण? मुंबईहून तारा आल्या. आता त्यांना मी तुझा चेहरा दाखवू, मॅक्रू? तो पडलेला पाहिला नाही असं गाव राहिलंय का या लायनीवर? म्हणून कलकत्त्याच्या चिनी मोहल्ल्यातून एक पोरगा आणला. चांगला आहे पोरगा. खरोखर चांगला आहे.

मी म्हटलं, पण ती फाइट माझी होती. ते म्हणाले, फाइट तुझी, नाव माझं. मीच ठेवलं होतं ना?

यावरचं उत्तर मला वरोरा स्टेशनवर सुचलं. पुढचं स्टेशन येईपर्यंत विसरलो.

पण मुख्य गोष्ट राहिली. निघताना साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, एप्रिलमध्ये महाकालीच्या जत्रेत फाइट लावतो. तुझ्या गावात. तुझ्या खऱ्या नावाने. समोर यंग सॅम.

खऱ्या नावाने! चांद्यात! साहेबांबद्दल मी उगीच वाईट विचार केला.

६ एप्रिल

पोस्टरं लागली. जटपुरा गेटावर देवनागरीत छापलं आहे: मुखरू, चांदा. आयुष्यात पहिल्यांदा. वच्छलाला मुद्दाम नेऊन दाखवलं. तिने अक्षरांवर बोट फिरवलं आणि विचारलं, हे तुमचं काय? मी म्हटलं, हो. तिने वर बोट दाखवलं. अन् हे मोठ्ठं? ते यंग सॅम होतं. माझ्या नावाच्या चौपट.

गावात सगळ्यांना सांगत फिरतो आहे की खरा यंग सॅम मीच. नानाजी मास्तर म्हणाले, मंग तुमच्यासमोर कोन उभा राह्यन? आणि हे जरा समजावून सांगा भाऊ, तुमी जितले त हारला कोन?

मास्तरांना बॉक्सिंग कळत नाही.

भात पूर्ण बंद. खरोखर बंद. चार दिवस झाले.

१४ एप्रिल, दुपारी

भातगिरणीच्या काट्यावर वजन झालं. बरोबर आठ स्टोन. उतरताना जरा अंधारी आली, अयूबभाईंनी धरलं.

नवा सॅम तिथेच होता. उंचीला माझ्याएवढाच. लोकांची पाठ वळल्यावर माझ्याजवळ आला आणि वाकून पाया पडला. हिंदीत, हळू आवाजात म्हणाला, दादा, एक मेहेरबानी करो. अखबारवाले हर जगह पूछते हैं, सिरिल को कैसे गिराया था? मैं हर बार झूठ बोलता हूँ, और हर बार अलग झूठ निकलता है. आप बता दो.

आठ महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. साहेबांनी नाही, मास्तरांनी नाही, कोणीच नाही.

मी त्याला गिरणीच्या मागे तुसाच्या ढिगाजवळ नेलं आणि सगळं दाखवलं. डावा खांदा पाडायचा, म्हणजे समोरच्याला वाटतं तू दमलास. मग कंबर. हात नाही, कंबर. तीन वेळा करून दाखवलं. तिसऱ्या वेळी त्याने माझ्याबरोबर केलं. फार पटकन उचलतो. म्हणाला, दादा, ये तो बहुत सोच के मारा था आपने. मी म्हटलं, हो, खूप विचार केला होता.

अयूबभाई दारात उभे राहून बघत होते. 

१६ एप्रिल

हे सावकाश लिहितो आहे. ओळी वर-खाली होत आहेत.

फाइट परवा संध्याकाळी झरपट नदीच्या काठी तंबूत झाली. जत्रेचं पब्लिक, पाय ठेवायला जागा नव्हती. वच्छला आली होती. आजवर एकदाही आली नव्हती. सुगंधाबाईंना घेऊन बायकांच्या बाजूला पुढेच बसली होती. पहिल्या राउंडमध्ये मी चांगला होतो. हे अयूबभाईही कबूल करतात.

दुसऱ्या राउंडमध्ये त्याने डावा खांदा पाडला. मला वाटलं, पोरगा दमला. मी पुढे सरकलो. मग त्याने कंबर फिरवली असणार. हात माझ्या डाव्या बाजूने आला. मी पाहिला नाही.

पब्लिक ओरडत होतं, सॅम! सॅम! खाली पडल्या पडल्या मला वाटलं, मलाच हाक मारताहेत. म्हणून उठायचा प्रयत्न केला. गुडघ्यापर्यंत उठलो. मग आठवलं.

घरी वच्छलाने ऊन पाण्याने तोंड पुसलं. अयूबभाई तुरटी लावत होते.  मग ती म्हणाली, त्या पोरानं जसं मारलं, तुमी नागपूरले तसंच मारलं होतं काय? तेच का ते?

मी अयूबभाईंकडे पाहिलं. उजव्या डोळ्याने.

अयूबभाई म्हणाले, हाँ भाबी. बिलकुल ऐसाच. मैंने अपनी आँख से देखा.

वच्छला म्हणाली, मंग लय भारी मारलं होतं तुमी. आणि पुन्हा पुसायला लागली.

२८ एप्रिल

पेरेरा साहेबांचं पत्र नाही. मीही लिहिलं नाही.

अयूबभाईंनी डाव्या बाजूला उभं राहून पुन्हा विचारलं, कितनी उंगली? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी मान हलवली. माझा हात धरून कट्ट्यावर बसवलं आणि चहा मागवला.

वच्छलाने सोमाजीला निरोप पाठवला आहे. मला विचारलं नाही. मी नको म्हटलं नाही.

१६ जून १९५७, आलापल्ली डेपो

मुकादमाची जागा गेली ती गेलीच. सोमाजीने त्याच्या जंगल खात्यातल्या साहेबांच्या हातापाया पडून चौकीदाराची मिळवून दिली. सागाच्या थप्प्यांभोवती चार फेऱ्या मारायच्या. रोज मारतो. थंडी, ऊन, काही कारण चालत नाही, कारण वर साहेब आहे. वजन नऊ स्टोन असेल. इथे काटा फक्त लाकडांचा आहे, त्यावर उभं राहिलो नाही.

आज नवा क्लार्क आला. नागपूरचा, तरुण, अंगात बुशकोट. नाक्यावर चहा पिताना मला विचारलं, चौकीदार, तुम्ही चांद्याचे ना? मग जत्रेत यंग सॅमची फाइट पाहिली असेल.

मी म्हटलं, पाहिली.

त्याने विचारलं, जागा कुठे मिळाली? मी म्हटलं, अगदी जवळ.

तो म्हणाला, माझं नशीब त्याहून मोठं. सिरिलला पाडला तेव्हा मी नागपूरला हॉलमध्ये होतो. तिसऱ्या रांगेत. काय माणूस आहे तो सॅम! हरत होता हो, तोंड रक्ताने भरलेलं, आणि मग तो उजवा हात. जन्मात विसरणार नाही मी तो चेहरा.

मी उजेडाकडे तोंड करून उभा राहिलो.  त्याने बिडी पेटवली, काडी माझ्यापुढे धरली. मी नको म्हटलं.

मग त्याने विचारलं, चांद्याला समोर कोण होता?

मी म्हटलं, होता कोणी तरी तिथलाच. मुखरू नावाचा.

तो हसला. म्हणाला, अरे, तुमचंही नाव मुखरूच ना?

मी म्हटलं, होय साहेब. इकडे मुखरू पुष्कळ आहेत.